लहान शिडाच्या नौकेसाठी ओढवाहनाची निवड

मुंबई उपनगरातील कुर्ला या गावाचे नाव खाडीच्या चिखलात सापडणाऱ्या कुर्लीवरून, म्हणजे चिंबोरीवरून पडले असे सांगितले जाते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी याच भागातून पुढे माहीमच्या खाडीस मिळते. पाण्याशी जसे या गावाचे जुने नाते आहे, तसेच मोटारीशीही आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला आणि मुंबईकरांच्या परिचयाची 'पद्मिनी' मोटार पुढे तेथेच तयार होऊ लागली. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात भारतास सुवर्णपदक मिळवून दिले, त्या काळात कुर्ल्याचा हा कारखाना भरात होता.

फायरबॉलसारखी शर्यतीची नौका सुमारे ८० किलो वजनाची असते. चार माणसे ती सहज उचलू शकतात. तथापि घरापासून अथवा शाळेपासून पाण्यापर्यंत ती न्यावयाची झाल्यास रस्ता ओलांडावा लागतो, आणि तेथे प्रश्न नौकेचा राहत नाही, वाहनाचा होतो. नौकानयनाचे शिक्षण देऊ इच्छिणाऱ्या शाळा, राष्ट्रीय छात्रसेनेच्या नाविक शाखेशी संबंधित शिक्षक, तसेच नदीकाठच्या गावी बचावनौका ठेवणाऱ्या ग्रामपंचायती या सर्वांपुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. त्या वेळी पहिला विचार बहुधा इंजिनाच्या ताकदीचा होतो. 'गाडी ओढेल ना?' असे विचारले जाते. वस्तुतः लहान नौका जवळजवळ कोणतीही मोटार ओढू शकते. खरा प्रश्न ओढलेला भार ती वेळेवर थांबवू शकेल काय, उतारावर धरून ठेवू शकेल काय आणि सरळ रेषेत नेऊ शकेल काय, हा आहे. वाहनाची निवड या तीन कसोट्यांवर झाली पाहिजे.

प्रथम भाराचे वजन

वाहन पाहण्यापूर्वी भार किती आहे हे ठरविणे आवश्यक असते. नौकेच्या माहितीपत्रकात दिलेले वजन हे बहुधा केवळ सांगाड्याचे असते. मुलांसाठी जगभर वापरली जाणारी 'ऑप्टिमिस्ट' ही छोटी नौका २.३ मीटर लांब व ३५ किलो वजनाची असते. एका व्यक्तीने चालविण्याची 'लेझर' ४.२३ मीटर लांब असून तिच्या सांगाड्याचे वजन ५९ किलो भरते. भारतात जिच्या राष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत ती दोघांची 'एंटरप्राइज' ४.०४ मीटर लांब व सुमारे ९४ किलोची असते.

परंतु रस्त्यावर एकटा सांगाडा जात नाही. एंटरप्राइज नौकेचेच उदाहरण घेतल्यास ९४ किलोंमध्ये डोलकाठी, शिडे, सुकाणू व मधली फळी यांचे सुमारे ३५ किलो. दोरखंड, नांगर व जीवरक्षक जाकिटे यांचे २० किलो. पाण्यात उतरविण्याच्या हातगाडीचे ३५ किलो आणि रस्त्यावरील ट्रेलरचे ११५ किलो मिळविले, तर बेरीज सुमारे ३०० किलो होते. म्हणजे नौकेच्या मूळ वजनाच्या तिपटीहून अधिक भार वाहनामागे लागतो. ट्रेलर लोखंडी व जड बनावटीचा असल्यास हा आकडा आणखी वाढेल. म्हणून अंदाजावर विसंबून न राहता सर्व सामान चढविलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेऊन प्रत्यक्ष वजन करून घ्यावे. त्यासाठी होणारा खर्च नगण्य असतो, आणि पुढील सर्व निर्णय त्या एका आकड्यावर अवलंबून असतात.

मोठ्या नौकांचा प्रकार वेगळा आहे. मुंबईच्या बंदरात शर्यतींसाठी वापरली जाणारी 'जे-२४' ही ७.३२ मीटर लांबीची नौका सुमारे १,४०० किलोची असते. ट्रेलरसह तिचा भार दोन टनांच्या घरात जातो. असा भार ओढण्यास स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर व जड वाहन दोन्ही अनिवार्य ठरतात. प्रस्तुत विवेचन अर्ध्या टनाच्या आतील लहान नौकांपुरते मर्यादित आहे.

ओढणे सोपे, थांबविणे अवघड

लहान नौकेच्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळे ट्रेलरचा सर्व वेग मोटारीच्या ब्रेकना शोषून घ्यावा लागतो. याचा परिणाम किती होतो हे साध्या गणिताने दाखविता येते.

कुर्ल्यात तयार होणाऱ्या पद्मिनी मोटारीचे वजन सुमारे ९०० किलो होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी अशी मोटार कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावल्यावर सुमारे २३ मीटरमध्ये थांबते असे धरू. तिच्यामागे ब्रेक नसलेला ३०० किलोंचा ट्रेलर लावला, तर थांबविण्याचे वस्तुमान १,२०० किलो होते. पण थांबविणारी टायरची पकड तेवढीच राहते. परिणामी थांबण्याचे अंतर सुमारे ३१ मीटर होते. वाढलेले आठ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन पद्मिनींची लांबी होय. हाच ट्रेलर १,६०० किलो वजनाच्या जीपसारख्या वाहनामागे लावल्यास अंतर साधारण २७ ते २८ मीटर भरते, म्हणजे वाढ निम्म्यावर येते. चालकाने धोका ओळखून पाय ब्रेकवर नेईपर्यंत जाणारा एक सेकंद, म्हणजे आणखी सुमारे १७ मीटर, या दोन्ही हिशेबांत वेगळे धरावे लागतात. पावसाने रस्ता ओला झाला की हे सर्व आकडे वाढतात.

ज्या रस्त्यावर शाळा सुटलेली मुले, हातगाड्या आणि बसथांब्यावरील गर्दी यांतून वाट काढावयाची असते, अशा लालबहादूर शास्त्री मार्गासारख्या ठिकाणी आठ मीटरचे महत्त्व विशद करण्याची गरज नाही. ओढवाहनाचे स्वतःचे वजन हाच येथे खरा गुण आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ब्रिटन व युरोपातील देशांत यासंबंधी एक सुटसुटीत नियम आहे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन ७५० किलो किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असू नये. आपल्याकडील खड्डे, घाट व मिश्र वाहतूक पाहता निम्म्याऐवजी एक तृतीयांश ही मर्यादा पाळणे शहाणपणाचे ठरेल. या मोजमापाने ९०० किलोंची मोटार ३०० किलोंचा भार कसाबसा ओढण्यास पात्र ठरते, तर १,६०० किलोंचे वाहन ५०० किलोंहून अधिक भारास पुरेसे होते.

या सर्वांवर उत्पादकाने घातलेली मर्यादा राहते. वाहनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ओढण्याच्या भाराची कमाल मर्यादा दिलेली असल्यास ती अंतिम समजावी. अशी मर्यादा दिलेलीच नसेल, अथवा ट्रेलर ओढू नये असे स्पष्ट म्हटले असेल, तर वाहन कितीही दणकट दिसले तरी ते या कामासाठी निवडू नये. शंका असल्यास विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

बैलगाडीचा धडा

ट्रेलर सरळ रेषेत चालणे हे भाराच्या मांडणीवर अवलंबून असते. हे तत्त्व शेतकऱ्यास नवे नाही. बैलगाडीत माल मागे अधिक झाला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गाडी ताब्यात राहत नाही. माल पुढे अधिक झाला की बैलांच्या मानेवर ओझे येऊन ते थकतात. जाणता गाडीवान जुवावर हात ठेवून भार थोडासा पुढे झुकता आहे ना, याची खात्री करतो.

नौकेच्या ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या दांड्याने मोटारीच्या हुकावर काही वजन टाकले पाहिजे. हे वजन एकूण भाराच्या साधारण ५ ते १० टक्के असावे. ३०० किलोंच्या ट्रेलरसाठी ते १५ ते ३० किलो होते. घरगुती वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर दांड्याचे टोक टेकविले की हे वजन मोजता येते. ते कमी भरल्यास नौका ट्रेलरवर थोडी पुढे सरकवावी अथवा नांगर व पेटारा पुढच्या बाजूस बांधावा.

दांडा हलका राहिल्यास वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. अशा वेळी एकदम ब्रेक दाबणे किंवा चाक फिरवून झोके सावरू पाहणे धोक्याचे असते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून, चाक सरळ धरून, वेग आपोआप उतरू द्यावा. उलट दांडा फार जड झाल्यास मोटारीचा मागील भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात व त्यांची पकड कमी होते. वाहन निवडताना त्याच्या मागील स्प्रिंग किती सहन करू शकतात आणि मागच्या चाकांपासून हूक किती अंतरावर येतो, हे याच कारणासाठी पाहावे. मागच्या चाकांच्या जवळ हूक असलेले, लांब चाकतळाचे वाहन अधिक स्थिर चालते.

या दृष्टीने काही परिचित वाहनांची तुलना उद्बोधक ठरेल. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी चारही चाकांनी ओढणारी होती व चिखलातून सहज निघत असे. पण तिचे वजन सुमारे एक टनच होते. त्यामुळे ओढण्यास समर्थ असूनही महामार्गावर भार आवरण्यास ती तेवढीशी भक्कम म्हणता येत नाही. आज ती नवी मिळत नाही, जुनी घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. महिंद्र बोलेरोसारखे चेसिसवर बांधलेले, मागच्या चाकांनी ओढणारे व दीड टनाहून अधिक वजनाचे वाहन रस्त्यावर अधिक भरवशाचे ठरते. पुढच्या चाकांनी ओढणारी लहान मोटार सपाट शहरी रस्त्यावर ऑप्टिमिस्ट किंवा लेझरसाठी पुरेशी होऊ शकते, मात्र उत्पादकाची परवानगी असली पाहिजे. ग्रामीण भागातील ट्रॅक्टर पाण्याच्या काठावर उत्तम काम देतो. परंतु त्याचा वेग कमी असल्याने लांबच्या प्रवासास तो सोयीचा नाही.

घाट आणि काठावरचा उतार

कुर्ल्याहून गिरगाव चौपाटी किंवा कुलाबा गाठावयाचे तर वीस किलोमीटरच्या आतबाहेरचा सपाट रस्ता आहे. परंतु राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र जेथे नौकानयनाचे धडे घेतात त्या खडकवासल्याच्या दिशेने जावयाचे झाल्यास बोरघाट चढावा लागतो आणि तळकोकणात उतरावयाचे झाल्यास कशेडीसारखे घाट वाटेत येतात. दहास एक या चढावर ९०० किलोंच्या मोटारीस एरवी ९० किलोंचा ओढा लागत असेल, तर ३०० किलोंच्या ट्रेलरसह तो १२० किलो होतो. इंजिनावरील ही एक तृतीयांश वाढ उन्हाळ्यात पाणी उकळण्यास आणि क्लच जळण्यास पुरेशी असते. म्हणून रेडिएटर, क्लच व हँडब्रेक यांची स्थिती इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा अगोदर तपासावी. ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये उतरावयाचा, ही जुन्या चालकांची शिकवण ट्रेलर मागे असताना दुप्पट महत्त्वाची ठरते. कारण सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र पाण्याच्या काठावर होते. धक्क्याचा उतार साहास एक असेल तर मोटार व ट्रेलर मिळून १,२०० किलोंचा भार वर आणण्यास सुमारे २०० किलोंचा ओढा लागतो. उतार कोरडा असताना मागच्या दोन चाकांवरील वजन एवढी पकड सहज देते. परंतु ओहोटीनंतर उघडा पडलेला भाग शेवाळाने निसरडा झालेला असतो. तेथे चाकांवरील वजनाच्या तीनदशांश एवढीच पकड मिळाली, तर मागच्या चाकांवर ४८० किलो असलेल्या मोटारीस फक्त १४५ किलोंचा ओढा साधतो. चाके जागीच फिरू लागतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीची अवस्था याहून बिकट होते, कारण चढावर वजन मागे सरकते आणि हुकावरील भारही पुढची चाके हलकी करतो. चारही चाकांनी ओढणाऱ्या वाहनास त्याच उतारावर सुमारे २७० किलोंची पकड मिळून ते वर येते.

यावरून प्रत्येकाने चारचाकी ओढीचे महागडे वाहन घ्यावे असा निष्कर्ष मात्र निघत नाही. लहान नौका हातगाडीवर ठेवून दोन-तीन माणसांनी पाण्यात उतरवावी आणि मोटार वर, कोरड्या सपाट जागेवरच उभी ठेवावी, हा मार्ग अधिक सुरक्षित व अल्पखर्ची आहे. नौका परत घेताना गरज पडल्यास लांब दोर बांधून मोटारीने ती वर ओढता येते. असे केल्याने मोटारीची व ट्रेलरची चाके खाऱ्या पाण्यात जात नाहीत. खारे पाणी बेअरिंगमध्ये शिरले की ग्रीस धुऊन जाते, गंज चढतो आणि परतीच्या वाटेवर चाक अडकण्याचा अथवा निखळण्याचा संभव निर्माण होतो. हातगाडीसाठी केलेला खर्च वाहनाच्या किमतीत कित्येक पटींनी वाचतो. मोटार उतारावर नेणे अपरिहार्यच असेल तर चाकांमागे लाकडी ठोकळे लावावे, एक माणूस बाहेर उभा ठेवावा आणि मोटारीत चालकाखेरीज कोणीही बसू नये.

जोडणी, दिवे आणि रुंदी

कुर्ल्यातील जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार प्रसिद्ध आहे. हवा तो हूक तेथे मिळू शकतो व शेजारीच वेल्डिंगही होऊ शकते. ही सोय उपयोगाची असली तरी एक दक्षता आवश्यक आहे. हूक बंपरला जोडून चालत नाही. बंपर हा किरकोळ धक्का सोसण्यासाठी असतो, ओढ सोसण्यासाठी नव्हे. हुकाची पट्टी चेसिसला, अथवा चेसिस नसलेल्या मोटारीत उत्पादकाने नेमून दिलेल्या मजबूत जागांना, नटबोल्टने जोडलेली असावी. हुकाचा गोळा आणि ट्रेलरची वाटी एकाच मापाची असावीत. मापात थोडा फरक असला तरी खड्ड्यात आदळताच जोड उसळून सुटू शकतो. त्याखेरीज दांड्यापासून मोटारीपर्यंत दोन सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेद देतील अशा बांधाव्या. जोड सुटलाच तर दांडा रस्त्यावर न रुतता साखळ्यांवर तोलला जातो.

ट्रेलर जोडल्यावर मोटारीचे मागील दिवे झाकले जातात. म्हणून ट्रेलरवर थांबण्याचे, वळण्याचे व मागील लाल दिवे असणे आणि ते मोटारीच्या तारांशी जोडलेले असणे अगत्याचे आहे. डोलकाठी नौकेपेक्षा लांब असते. तिचे मागे आलेले टोक घट्ट बांधून त्यावर लाल कापड लावावे व तिचा बाहेर येणारा भाग नियमात बसतो याची खात्री करावी. एंटरप्राइज नौकेची रुंदी सुमारे १.६ मीटर आहे, तर पद्मिनीची रुंदी १.४६ मीटर होती. म्हणजे नौका मोटारीपेक्षा रुंद भरते. ओढवाहनाच्या आरशांतून ट्रेलरच्या दोन्ही चाकांची बाजू दिसत नसेल तर आरशांस लांब दांडे लावावे लागतात. मोटार व ट्रेलर मिळून लांबी नऊ मीटरच्या आसपास जाते. कुर्ल्याच्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांत हे जोडवाहन वळविता येईल काय, हे नौका घेण्यापूर्वी पावलांनी मोजून पाहावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच होय. साहजिकच त्याची नोंदणी आवश्यक ठरते. गावातील कारागिराकडून तयार करून घेतलेला ट्रेलर नोंदणीविना रस्त्यावर आणणे हा नियमभंग आहे. कुर्ला विभागासाठी वडाळा येथील मुंबई (पूर्व) प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी. ट्रेलर बनविण्यास टाकण्यापूर्वीच आराखडा, दिवे व आकारमान यांबद्दल विचारणा केली तर पुढील अडचणी टळतात. मोटारीच्या विमापत्रात ट्रेलरचा समावेश आहे किंवा नाही हेही पाहिले पाहिजे. समावेश नसल्यास अपघातानंतर भरपाईचा बोजा शाळेवर, संस्थेवर वा ग्रामपंचायतीवर पडण्याचा धोका राहतो. शासकीय अथवा संस्थेच्या मालकीचे वाहन वापरताना हे सर्व कागद वाहनातच ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी.

ओढणे खरोखर आवश्यक आहे काय?

वाहन खरेदीचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी हा प्रश्न विचारला जाणे इष्ट आहे. वर्षातून तीन-चार वेळाच नौका हलवावयाची असेल तर चौदा फुटी हौद्याचा टेम्पो भाड्याने घेणे परवडते. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर. लेझर व एंटरप्राइज या दोन्ही नौका या लांबीत मावतात. त्यामुळे ट्रेलर, हूक, नोंदणी व बेअरिंग यांचे सर्व प्रश्न एकदमच सुटतात. ऑप्टिमिस्ट नौका तर मोटारीच्या छतावरील मजबूत जाळीवर, उत्पादकाने घातलेल्या वजनमर्यादेत, बांधूनही नेता येते. नौका वर्षभर पाण्याच्या काठी एखाद्या क्लबात वा शासकीय आवारात ठेवण्याची सोय झाल्यास ओढवाहनाची गरजच उरत नाही.

दर आठवड्यास नौका नेणारे पथक मात्र ट्रेलरवाचून चालवू शकणार नाही. अशा पथकाने ३०० किलोंच्या भारासाठी किमान दीड टन वजनाचे, चेसिसवर बांधलेले, उत्पादकाची ओढ-मर्यादा लेखी दिलेले वाहन निवडावे. त्यासोबत हातगाडी ठेवावी आणि मोटार पाण्यापासून दूर राहील असे नियोजन करावे. चारचाकी ओढ असल्यास उत्तम. परंतु चांगले ब्रेक, चांगले टायर व शिकलेला चालक यांच्या मोबदल्यात ती घेऊ नये.

पुराच्या वेळी

हा विषय केवळ क्रीडेपुरता मर्यादित नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीच्या पुराने कुर्ल्यातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. रस्त्यांवर बंद पडलेल्या मोटारींच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड या शहरांनीही पुराचा असाच अनुभव घेतला. अशा प्रसंगी पाणी चढल्यावर नौका ट्रेलरवर घालून निघणे निरुपयोगी ठरते. पाण्यात शिरलेल्या मोटारीच्या हवानळीत पाणी गेले की इंजिन बंद पडते आणि ट्रेलरवरची नौका, पाणी पुरेसे खोल होण्याआधीच, तिच्यामागे अडकून राहते.

म्हणून नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी बचावनौकेसाठी वाहन ठरविताना दोन गोष्टी आधीच निश्चित कराव्या. पावसाळ्यापूर्वी नौका कोणत्या उंच जागेवर नेऊन ठेवावयाची हे ठरवावे, आणि तेथून पाण्यापर्यंत ती हातगाडीने किती माणसे नेऊ शकतील हे पाहावे. मे महिन्यात एकदा प्रत्यक्ष रंगीत तालीम घेतली, तर हूक बसतो की नाही, दिवे लागतात की नाही, ट्रेलरच्या टायरमध्ये हवा आहे की नाही, हे संकटाच्या रात्री नव्हे तर भर दुपारी कळते.

शिक्षकांसाठी एक प्रात्यक्षिक

माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांना या विषयात गती, बल, तरफ व उतरण हे चारही पाठ एकत्र सापडतील. खेळण्यातील मोटारीमागे चाकांची लहान पेटी दोऱ्याऐवजी ताठ तारेने जोडावी. पेटीतील वजन आधी आसाच्या पुढे, नंतर मागे ठेवून मोटार उतरत्या फळीवरून सोडावी. वजन मागे असताना पेटी कशी झोके घेते हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसते. पुढे फळीच्या शेवटी मोटारीची चाके रोखून, रिकाम्या व भरलेल्या पेटीसह ती किती घसरत जाते हे मोजपट्टीने मोजावे. वर दिलेल्या २३ व ३१ मीटरच्या गणिताचा अर्थ मग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली. वाहने बदलत राहतील. विजेवर चालणारी वाहनेही आता आली आहेत आणि भार ओढताना त्यांचा एका भरणीतील पल्ला घटतो हे नियोजनात धरावे लागेल. परंतु वजनकाट्यावरचा आकडा, दांड्यावरचा भार, ब्रेकची पकड आणि काठावरचा उतार या चार गोष्टी बदलणाऱ्या नाहीत. नौका विकत घेण्याचा ठराव ज्या सभेत मंजूर होईल, त्याच सभेत या चारही गोष्टींची नोंद केलेला एक कागद सदस्यांपुढे असावा. वाहनाची निवड त्यानंतरच करावी.